तवसं

एप्रिलच्या शेवटी, शेफील्डच्या खिडकीत,
दह्याच्या डब्यात सहा बिया खोचल्या. उभ्या.
आडवी बी कुजते, शेजारच्या प्लॉटवरचा केन म्हणाला.
ऐंशीचा आहे, एक कान पोलादाच्या कारखान्यात ठेवून आलेला,
म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलतो. रोपांशीसुद्धा.

चार उगवल्या.
एक गोगलगाईने नेली, एक माझ्या उतावीळपणाने:
मेच्या उन्हाला उन्हाळा समजले,
बाहेर ठेवली, रात्री दव गोठलं.

उरल्या दोन वेलांनी काय केलं ते सांगते.

जूनभर नुसती नर फुलं,
हजेरी लावून गळून जाणारी.
वॉर्डातली पाळी संपली की गणवेशातच टेकडी चढायची,
गंजक्या फाटकापासून तिसरा वाफा,
एकेक फूल उलटं करून मागे बघायचं.
एका संध्याकाळी देठाशी फुगवटा दिसला,
नखाएवढी काकडी, लव आणि काट्यांसकट,
फूल अजून डोक्यावरच.
"बाई आली!" केन ओरडला.
रस्त्यावरच्या दोघींनी वळून पाहिलं.

जुलैत पाण्याच्या नळीवर बंदी.
मग बादल्या. तांदूळ धुतलेलं, बटाटे उकडलेलं,
न्हाणीतलंसुद्धा, दोन हातांत दोन, आणि समोर टेकडी.
काकडी म्हणजे तरी काय,
सालीत अडवलेलं पाणी.
मी पायऱ्यांवर सांडत नेलेलं
आठ दिवसांनी माझ्याच दाताखाली
कुरकुरीत होऊन परत यायचं.

आणि मग आवरेनात.
रोज पाच, रोज सात.
किसून दह्यात गेल्या, थालीपिठात गेल्या,
रात्रपाळीच्या डब्यात तिखटमीठ लावून गेल्या,
अर्ध्या वॉर्डाने पहाटे तीनला कचाकचा खाल्ल्या.
बाकीच्या फाटकाजवळच्या भिंतीवर मांडल्या,
पाटी लावली: फुकट, घेऊन जा.
संध्याकाळी पाहते तर
कुणीतरी शेजारी स्वतःच्या चार ठेवून गेलेलं.

केनची रीत वेगळी. कागदासारख्या चकत्या, कांदा, मिरपूड,
वर बुडेपर्यंत व्हिनेगर. रविवारच्या चहाबरोबर.
वाडगा काचेचा, डोरीनचा, काठ उडालेला.
शेवटी वाडगा उचलून तो व्हिनेगर पिऊन टाकतो.
ती असताना पिऊ द्यायची नाही.

मी हातावर काकडी धरून चोचवायला लागले,
सुरी खटखट, खटखट,
तो बघत राहिला. "तिनं तुझं काय बिघडवलंय?"
पण दाण्याचं कूट, मिरची, हिंगाची चरचर पडली,
तेव्हा चमचा ठेवून बोटांनी वाटी पुसली.

सप्टेंबर. पानांवर पांढरी भुकटी, वेल थकलेले.
उपटताना, मोठ्या पानाखाली, मातीला टेकून
ती.
हातभर, पिवळी तपकिरी, सालीवर जाळी फुटलेली,
दोन महिने माझ्या डोळ्यांदेखत लपून वाढलेली.
"गेली ती," केन ओरडला. "कंपोस्टात टाक."

त्याच्या भाषेत ती गेली होती.
माझ्या भाषेत तिला वेगळं नाव होतं, लिंगसुद्धा वेगळं:
ते तवसं.

किसलं. रवा, गूळ, खोबरं, वेलदोडा.
हळदीचं पान नव्हतं, त्याशिवायच ओव्हनमध्ये ढकललं.
धोंडसाचा तुकडा गरमच नेला, फडक्यात गुंडाळून.
केन बराच वेळ चावत राहिला.
मग, मी पहिल्यांदाच ऐकला, त्याचा हळू आवाज:
"डोरीनच्या पार्किनसारखं लागतंय."
पुढे काही नाही. किटलीत पाणी भरायला उठला.

बिया त्याच्या वर्तमानपत्रावर वाळल्या,
शब्दकोड्याच्या चौकोनांत, काही उभ्या, काही आडव्या.
निम्म्या त्याने पाकिटात भरल्या
आणि पेन्सिल जिभेला लावून विचारलं, नाव काय म्हणालीस?
सांगितलं. पुन्हा सांगितलं, चांगल्या कानात.
त्याने लिहिलं: टाउझर.

इथे कुत्र्यांना ठेवतात ते नाव.
असू दे. उगवेल.